फ्रिजच्या दारातून पाणी येईनासे झाले तर : गच्चीवरच्या टाकीपासून पेल्यापर्यंतचा शोध

पेला फ्रिजच्या दारावरील पट्टीला टेकवला, आत कुठेतरी बारीक गुणगुण ऐकू आली, पण पाणी काही आले नाही, अशी तक्रार आमच्या इमारतीतील कोणी ना कोणी वर्षातून दोन-चार वेळा माझ्यापर्यंत आणते. सोसायटीच्या समितीत टाकी, पंप आणि नळजोडण्या यांची देखरेख माझ्याकडे असल्यामुळे पाण्याशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट शेवटी माझ्या दारी येते, आणि त्यामुळेच एक गोष्ट माझ्या पुरती लक्षात आली आहे : फ्रिजमधील पाणी बंद पडले की आपण फ्रिजला दोष देतो, पण मुंबईतील इमारतींत हा दोष बऱ्याचदा फ्रिजच्या बाहेरच सापडतो. म्हणून शोध यंत्रापासून नव्हे, पाण्यापासून सुरू करावा. पाणी ज्या वाटेने येते त्याच वाटेने आपण चालत जावे, आणि ज्या टप्प्यावर ते थांबलेले दिसेल तिथेच हात घालावा. महागडा भाग बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

त्याआधी आपला फ्रिज कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे लागते, कारण दोन्ही प्रकारांची दुखणी वेगळी आहेत. फ्रिजच्या मागे पाण्याची नळी नसेल आणि दाराच्या आतील बाजूला आपण स्वतः भरत असलेली प्लास्टिकची टाकी असेल, तर तो साधा प्रकार. मागे बोटाच्या जाडीपेक्षा बारीक, पांढरट नळी येत असेल आणि ती भिंतीतील नळजोडणीला लावलेली असेल, तर तो थेट जोडणीचा प्रकार. दोन उभ्या दारांच्या मोठ्या फ्रिजमध्ये बहुधा हाच असतो.

हाताने भरायच्या टाकीचा फ्रिज

या प्रकारातील बहुतेक फ्रिजमध्ये विजेचा काहीही संबंध नसतो. पेल्याने पट्टी मागे ढकलली जाते, पट्टी टाकीच्या तळाशी असलेली स्प्रिंगची खुंटी उचलते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते. त्यामुळे वीज गेलेली असतानाही ते आले पाहिजे. येत नसेल, तर प्रथम टाकी पूर्ण खाली बसली आहे का ते पाहावे. टाकी धुऊन परत लावताना ती एका कडेने अर्धा सेंटिमीटर वर राहिली, तरी खुंटी पट्टीपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही तळहातांनी टाकी सरळ खाली दाबावी; ती बसल्याचा आवाज बहुतेक वेळा येतो.

दुसरी शंका झाकणाची. टाकीतून पाणी बाहेर पडायचे तर तेवढीच हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणावर एक बारीक छिद्र असते. ते बुजले की पाणी दोन-तीन घोट येऊन थांबते, थोड्या वेळाने पुन्हा घोटभर येते. अशी लक्षणे असतील, तर झाकण सैल करून पट्टी दाबून पाहावी. पाणी सरळ वाहू लागले, तर दोष छिद्राचाच. बारीक टाचणीने ते मोकळे करावे.

तिसरी जागा म्हणजे तळाची खुंटी आणि तिच्याभोवतीचे रबरी वर्तुळ. येथे बुळबुळीत थर साचतो. टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत पांढरा क्षारही बसतो. टाकी रिकामी करून खुंटी सोडवावी, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात ती अर्धा तास ठेवावी, मऊ ब्रशने घासावी आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावी. रबर उलटे बसले तर गळते, म्हणून ते काढण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्र घेऊन ठेवावे. या टाकीत सरबत, ताक, कोकम किंवा सोडा कधीही भरू नये; साखर आणि गर हे खुंटीचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. गरम पाणीही घालू नये.

यापुढील मजकूर थेट जोडणीच्या फ्रिजविषयी आहे.

पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

दारावरील फलकावर कुलपाचे चिन्ह दिसते का ते पाहावे. घरात लहान मूल असेल, किंवा कोणी फलक पुसताना बोट दाबून धरले असेल, तर कुलूप आपोआप लागते. ती कळ साधारण तीन सेकंद दाबून धरली की ते निघते. बर्फ आणि पाणी यांची निवड एकाच पट्टीवर असेल, तर निवड पाण्यावर आहे याची खात्री करावी. दोन्ही दारे घट्ट लागलेली असावीत, कारण बहुतेक फ्रिजमध्ये दार उघडे असताना पाणी सुटत नाही. दाराच्या कप्प्यात उंच बाटली आडवी आली असेल, तर दार लागल्यासारखे दिसते पण आतील स्विच दाबला जात नाही. फलकावर काहीच उजळत नसेल, तर फ्रिज दहा मिनिटे प्लगमधून काढून पुन्हा लावावा.

आता पट्टी दाबून कान द्यावा. फ्रिजच्या मागून ‘टक्’ असा आवाज किंवा बारीक गुणगुण आली, तर वीज मागच्या व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे दाराकडे पाणी सोडणाऱ्या विजेच्या झडपेपर्यंत, पोहोचत आहे, आणि अडचण पाण्याची किंवा वाटेची आहे. काहीच आवाज नसेल, तर अडचण कुलूप, स्विच, वायर किंवा व्हॉल्व्हच्या कॉइलची, म्हणजे वीज मिळताच तो उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची, आहे. या एका निरीक्षणाने शोध अर्धा होतो, म्हणून स्वयंपाकघरातील पंखा आणि चिमणी बंद करून शांतपणे दोन-तीनदा ऐकावे.

बर्फ आपोआप तयार होणारा फ्रिज असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, पाणी बंद आहे, पण बर्फ मात्र खडखड पडतोय.” मी म्हटले, “काकू, हा आधी साठलेला बर्फ आहे की आज नवा झालाय?” त्यांनी बर्फाचा डबा रिकामा करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा भरलेला होता. म्हणजे पाणी फ्रिजपर्यंत व्यवस्थित येत होते, आणि दोष फक्त दाराकडे जाणाऱ्या फाट्यात होता. डबा रिकामा करून चोवीस तास वाट पाहणे हे कंटाळवाणे वाटते, पण मागची सर्व नळजोडणी उगाच उचकटण्यापेक्षा ते बरे.

फ्रिजपर्यंत पाणी येते का, आणि किती जोराने येते

मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा आणि त्यांच्या सोबतच्या तलावांतून येते, भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होते, आणि ठरावीक वेळेला इमारतीच्या तळटाकीत पडते. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत, आणि गच्चीवरून उभ्या पाइपांनी खाली घरोघरी. म्हणजे आपल्या नळाला मिळणारा जोर हा महापालिकेच्या वाहिनीचा नसून, आपल्या डोक्यावरची टाकी किती उंच आहे यावर ठरणारा असतो. हे एकदा नीट समजून घेतले, की फ्रिजच्या पाण्याची अर्धी कोडी सुटतात.

पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. बहुतेक कंपन्या फ्रिजच्या जोडणीसाठी किमान 1.4 बार दाब मागतात, म्हणजे टाकी आणि फ्रिज यांच्यात सुमारे 14 मीटर उंचीचा फरक हवा. तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत घेऊ. मजल्याची उंची तीन मीटर, टाकी गच्चीपासून तीन मीटर वर आणि फ्रिजची जोडणी फरशीपासून मीटरभर वर असे धरले, तर सातव्या मजल्यावरील फ्रिजला जेमतेम पाच मीटरचा, म्हणजे अर्धा बार दाब मिळतो. चौथा मजला अगदी काठावर येतो. दुसऱ्या मजल्याला दोन बार मिळतात आणि तिथे फ्रिज निर्धास्त चालतो. वरच्या मजल्यावरील मंडळींना वाटते की टाकी जवळ, म्हणजे पाणी जोरात; प्रत्यक्षात नेमके उलट आहे. उंच मनोऱ्यांत हिशोब पुन्हा बदलतो, कारण तिथे मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, आणि त्यातील एक बिघडला की त्याच्याखालच्या सगळ्या घरांचा जोर एकदम वाढतो किंवा घटतो.

दाबमापक नसला, तरी एक साधी चाचणी घरी करता येते. फ्रिजचा प्लग काढावा. भिंतीजवळील अँगल कॉक, म्हणजे या नळीला पाणी सोडणारी छोटी तोटी, बंद करावा. फ्रिजच्या मागे जिथे नळी व्हॉल्व्हला लागते तिथून ती सोडवावी. एक लिटरची रिकामी बाटली आणि खाली बादली घेऊन नळीचे तोंड बाटलीत धरावे आणि दुसऱ्याने कॉक पूर्ण उघडावा. माझा अनुभव असा, की बाटली मिनिटाभरात भरली तर पुरवठ्याची काळजी नको. दोन-तीन मिनिटे लागली, तर फ्रिज निर्दोष असूनही पाणी थेंबथेंब येणार किंवा मुळीच येणार नाही. ही चाचणी सकाळी सात ते नऊच्या गर्दीत एकदा आणि दुपारी एकदा करावी. फक्त सकाळीच बाटली भरायला वेळ लागत असेल, तर उभा पाइप सर्व घरांना एकाच वेळी पुरत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

बाटलीत पाणी अजिबातच आले नाही, तर घरातील इतर नळ पाहावेत. स्वयंपाकघरातील नळ चालू आणि फ्रिजची नळी कोरडी असेल, तर अँगल कॉकच चोंदलेला असतो. काही ठिकाणी प्लंबर वेळ वाचवण्यासाठी पाइपला भोक पाडून घट्ट आवळायचा छोटा कॉक बसवतात. त्याची सुई इतके बारीक छिद्र पाडते की गाळाचा एक कणही ते बंद करू शकतो. असा कॉक सापडला, तर तो स्वच्छ करण्याच्या नादी न लागता, पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून चांगल्या प्रतीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

टाकीचा गाळ हा मुंबईकरांनी विशेष लक्षात ठेवण्याचा विषय आहे. पाणीकपातीच्या काळात, जशी 2024 मध्ये 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के लागू झाली होती, तेव्हा टाकी रोज तळाला जाते, आणि एरवी तळाशी निवांत पडून राहणारा गाळ पाइपांत उतरतो. टाकी धुतल्यानंतरच्या पहिल्या तासातही तेच होते. सोसायटीने टाकी धुण्याची सूचना लावली, की फ्रिजचा अँगल कॉक आदल्या रात्रीच बंद करावा, आणि पाणी परत आल्यावर स्वयंपाकघराचा नळ पाच-दहा मिनिटे वाहता ठेवून, पाणी स्वच्छ दिसू लागल्यानंतरच कॉक उघडावा. सांडलेले पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते.

दाब खरोखरच कमी असेल, तर घरातल्या फ्रिजच्या वाटेवर छोटा प्रेशर पंप बसवणे हाच उपाय आहे. तो गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या घरगुती पाइपवर बसवावा. महापालिकेच्या जलजोडणीवर थेट मोटार लावून पाणी ओढणे नियमबाह्य आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचे पाणीही तुटते.

येथेच पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राविषयी सांगायला हवे. अनेक घरांत फ्रिजची नळी आरओ यंत्राला जोडलेली असते. भिंतीवरच्या आरओत शुद्ध पाणी आतल्या प्लास्टिकच्या टाकीत साठते आणि केवळ उतारावरून बाहेर येते. त्याला दाब जवळजवळ नसतोच. अशा जोडणीला स्वतंत्र पंप लावलेला नसेल, तर फ्रिजचे पाणी कधी नीट चालणारच नाही. ओट्याखाली दाबाची पोलादी टाकी असलेल्या आरओवर फ्रिज चालतो, पण टाकी रिकामी होत आली की दाब उतरतो, आणि मग “सकाळी येते, संध्याकाळी येत नाही” अशी तक्रार सुरू होते. महापालिकेचे पाणी मुळात मृदू आहे, आणि फ्रिजमध्ये स्वतःचा फिल्टर असतो. म्हणून माझे मत असे, की निव्वळ महापालिकेचे पाणी येणाऱ्या इमारतीत फ्रिज थेट नळजोडणीलाच लावावा, आणि बोअरवेल किंवा टँकरचे पाणी मिसळले जात असेल तरच पंपासह आरओचा विचार करावा.

फ्रिजमागची नळी

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आमच्या मुलुंडच्या घरी रंगकाम झाले आणि त्यानंतर चार दिवसांनी दारातले पाणी बंद पडले. आलेल्या तंत्रज्ञाने पट्टी दोनदा दाबली, गुणगुण ऐकली आणि व्हॉल्व्ह बदलावा लागेल असे सांगून खर्चाचा आकडा लिहून दिला. मी एक दिवसाची मुदत मागितली. संध्याकाळी मुलाच्या मदतीने फ्रिज पुढे ओढला, तर नळी मागच्या डाव्या चाकाखाली सापडून कागदासारखी चपटी झालेली होती. घडीच्या जागी प्लास्टिकवर एक पांढरी रेघ उमटली होती, आणि रेघेच्या अलीकडे नळी पाण्याने टंच, पलीकडे रिकामी. बोटाच्या चिमटीत ती रेघ दाबून गोल करण्याचा प्रयत्न केला, पण सोडताच नळी पुन्हा मिटली. तेवढा तुकडा कापून टाकला, उरलेली नळी पुन्हा जोडली, आणि व्हॉल्व्ह आजतागायत तोच आहे.

आपल्या स्वयंपाकघरांत फ्रिजला भिंत आणि ओटा यांच्यामध्ये जेवढी जागा मिळते तेवढीच, त्यामुळे सफाईनंतर तो मागे लोटताना नळी मुडपणे हे अगदी सहज घडते. फ्रिज मागे सरकवल्यानंतर पाणी बंद झाले असेल, तर दुसरे काहीही तपासण्यापूर्वी हेच पाहावे. दोन दारांचा मोठा फ्रिज भरलेला असताना शंभर किलोंच्या पुढे जातो, म्हणून दारांतील बाटल्या काढाव्यात, पुढचे पाय फिरवून वर घ्यावेत, म्हणजे चाके जमिनीला टेकतील, आणि दोघांनी मिळून तो सरळ पुढे ओढावा. डावीकडे-उजवीकडे हलवत आणला, तर फरशीवर ओरखडे पडतात आणि नळीही ताणली जाते.

नळी कापताना कात्री वापरू नये. कात्रीने तोंड चपटे होते. धारदार ब्लेडने एका फटक्यात, अगदी काटकोनात कापावी. जोडणीच्या तोंडाशी एक बारीक कडे असते. ते आत दाबून धरले की नळी सहज बाहेर निघते, आणि परत बसवताना नळी अडेपर्यंत आत सारून हलकेच ओढून पाहावी. ती हातात आली, तर नीट बसलेली नाही. फ्रिज मागे लोटताना नळीचे जास्तीचे वेटोळे मोठ्या गोलाकारात, चिकटपट्टीने फ्रिजच्या पाठीला धरून ठेवावे आणि भिंतीपासून काही सेंटिमीटर अंतर सोडावे. नळीवर दातांच्या खुणा दिसल्या, तर तो उंदरांचा उद्योग आहे. तळमजल्यावर आणि जुन्या चाळींत हे पाहायला मिळते. अशी नळी जोडून-सांधून न चालवता पूर्ण बदलावी.

फिल्टर

फिल्टर बदलण्याची मुदत बहुतेक कंपन्या सहा महिने सांगतात, पण पावसाळ्यातील गढूळ पाणी आणि टाकीतील गाळ पाहता काही घरांत तो चार महिन्यांतच भरून जातो. पाणी दिवसेंदिवस बारीक होत शेवटी बंद झाले असेल, तर संशय प्रथम फिल्टरवर घ्यावा. एका दिवसात अचानक थांबले असेल, तर तो बहुधा निर्दोष असतो. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. अनेक फ्रिजसोबत फिल्टरच्या जागी बसवायचे एक बूच दिलेले असते, ते पुस्तिकेच्या पिशवीत शोधावे. फिल्टर काढून बूच लावल्यावर पाणी जोरात आले, तर नवा फिल्टर आणावा. काही फ्रिजमध्ये बुचाशिवायही, फिल्टर काढताच पाणी आपोआप वळते.

नवा फिल्टर बसवल्यानंतर पाणी बंद झाले, असाही अनुभव येतो. त्याचे कारण एकतर तो शेवटच्या आट्यापर्यंत फिरवलेला नसतो, किंवा आत हवा अडकलेली असते. पट्टी पाच सेकंद दाबून पाच सेकंद सोडावी, असे काही मिनिटे करत राहावे. फुसफुस आणि शिंतोड्यांसह हवा निघून जाते. नंतरचे सुरुवातीचे दहा-बारा लिटर पाणी पिऊ नये, कारण त्यात कोळशाची बारीक काळी पूड असते. ते कुंड्यांना घालावे. नव्या फ्रिजच्या पहिल्या जोडणीतही आतली टाकी भरेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे पाणी येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी घाबरून तक्रार नोंदवू नये.

दारातील बर्फ

आवाज येतो, पुरवठा चांगला आहे, फिल्टर बदलला आहे, बर्फही नवा तयार होतो, आणि तरीही पाणी नाही. अशा वेळी दारात जाणाऱ्या बारीक नळीत पाणी गोठलेले असण्याची शक्यता मोठी असते. फ्रीझरच्या दारातच पाण्याचे तोंड असलेल्या फ्रिजमध्ये हे घडते, कारण ती नळी थंडीच्या अगदी जवळून जाते. पडताळणीसाठी फ्रिजच्या पुढील तळाची जाळी काढावी; दाराच्या बिजागिरीजवळ नळीची जोडणी दिसते. खाली पसरट भांडे ठेवून ती सोडवावी आणि दुसऱ्याला पट्टी क्षणभर दाबायला सांगावी. जोडणीतून पाणी आले, तर अडथळा दारातच आहे. दाराकडच्या नळीत हलकेच फुंकून पाहावे. हवा जात नसेल, तर बर्फ नक्की.

बर्फ वितळवण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग वेळखाऊ आहे. प्लग काढावा, फ्रीझर रिकामा करावा, खाली जुने टॉवेल पसरून दार सात-आठ तास उघडे ठेवावे. घाई असेल, तर केस वाळवायचे यंत्र सर्वांत कमी गरमीवर, वीतभर अंतरावरून, सतत हलवत दाराच्या आतील बाजूवर फिरवावे. फरशी ओली असेल तर ते हातात धरू नये. नळीत तार, सुई किंवा विणकामाची सळई घालू नये. नळी आतून फाटली, तर पूर्ण दार बदलण्याची वेळ येते.

पण बर्फ वितळला म्हणजे काम संपले असे नाही. पाणी पुन्हा आठ-पंधरा दिवसांत गोठणार असेल, तर कारण शोधावे. फ्रीझरचे तापमान उणे 18 अंशांपेक्षा खाली ठेवलेले असेल, तर ते वर आणावे. ते योग्य असूनही नळी गोठत असेल, तर आधी सांगितलेल्या दाबाच्या हिशोबाकडे परत जावे. हे व्हॉल्व्ह घट्ट मिटण्यासाठी पाण्याच्या दाबाचीच मदत घेतात. दाब कमी पडला, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पेला काढून घेतल्यावरही थेंब झिरपत राहतात, आणि तेच थेंब दारातील नळीत गोठून साचतात. वरच्या मजल्यावरील एका घरात एकाच हिवाळ्यात तीनदा दार वितळवले गेले, आणि प्रेशर पंप बसवल्यानंतर ती तक्रार पुन्हा आली नाही. पाणी घेतल्यानंतर तोंडातून बराच वेळ थेंब पडत असतील, तर ही पूर्वसूचना समजावी.

आता तंत्रज्ञाला बोलवावे

वरील सर्व टप्पे पार करूनही पाणी नसेल, तर उरतात ते मागचा व्हॉल्व्ह, पट्टीमागचा छोटा स्विच आणि नियंत्रणाचा बोर्ड. पट्टी दाबताना ‘टिक’ असा हलका आवाजही येत नसेल, तर स्विच. पेला टेकवल्यावर दिवा लागतो पण मागून काहीच आवाज येत नाही, तर व्हॉल्व्हची कॉइल किंवा तिची वायर, असा साधारण अंदाज बांधता येतो. या भागांजवळ 230 व्होल्टचा प्रवाह असू शकतो आणि शेजारी पाणी असते, म्हणून मागचे झाकण आपण उघडू नये; वॉरंटी चालू असेल, तर मुळीच नाही.

मात्र फोन करताना नुसते “पाणी येत नाही” असे सांगू नये. बाटली भरायला किती वेळ लागला, आवाज येतो की नाही, नवा बर्फ होतो की नाही, फिल्टर कधी बदलला, आणि पाणी हळूहळू थांबले की एकदम, हे पाच मुद्दे कागदावर लिहून ठेवावेत आणि तेच सांगावेत. त्यामुळे तंत्रज्ञ योग्य भाग सोबत घेऊन येतो आणि दुसरी फेरी वाचते. व्हॉल्व्ह बदलायचे ठरलेच, तर आपल्यासमोर मीटर लावून जुनी कॉइल तुटलेली असल्याचे दाखवण्याची विनंती करावी, आणि काढलेला भाग आपल्याकडे ठेवून घ्यावा.

पाणी परत सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन लिटर टाकून द्यावेत. ज्या ज्या जोडणीला हात लावला असेल, तिच्याखाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे, आणि चोवीस तासांनी ते पाहून मगच फ्रिज जागेवर लोटावा. नाण्याएवढा ओला डाग दिसला, तरी ती जोडणी पुन्हा करावी. फिल्टर बसवल्याची तारीख त्याच्याच अंगावर न पुसणाऱ्या शाईने लिहावी, आणि अँगल कॉक कुठे आहे हे घरातील प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष बंद करून दाखवावे. गावी किंवा सुट्टीवर जाताना घर बंद राहणार असेल, तर तो कॉक बंद करूनच निघावे.